पार्टिशनची भिंत

(जुन्या बंगल्याचा हॉल. छताला चार लोखंडी टेकू लावलेले. ताई दारात उभी आहे. धाकटा भाऊ आईचं कपाट रिकामं करतो आहे.)

ताई : त्या टेकूला खेटून उभा राहू नकोस.

धाकटा : जे पडायचं होतं ते पडलं. तू आत ये की. चपला घालूनच ये, सगळीकडे सिमेंट आहे.

ताई : इथेच बरी आहे मी. आईचा चष्मा, एक्स-रेची जुनी फाइल आणि दोन गाऊन दे, निघते.

धाकटा : कशी आहे ती?

ताई : मांडीच्या हाडात स्टीलची पट्टी घातलीय. सहा आठवडे पाय टेकायचा नाही म्हणून सांगितलंय. या वयात सहाचे बारा होतात.

धाकटा : माझ्याबद्दल काही विचारते?

ताई : नाही.

धाकटा : काहीच नाही?

ताई : काल म्हणाली, त्याला लहानपणापासून खिळेहातोडीचं वेड, घड्याळं उघडायचा आणि जोडता यायची नाहीत. एवढंच.

धाकटा : एकच घड्याळ होतं. आणि जोडलं होतं मी.

ताई : मी नाही म्हटलं, ती म्हणाली. तपासणीवाले साहेब आले होते ना आज?

धाकटा : आले होते. दोन तास होते. वर गेले, खाली आले, हातोडीने टकटक करून पाहिलं. म्हणाले, वरची खोली उतरवावी लागेल. सगळी. मग इथे नवीन बीम, दोन कॉलम, आणि हे सगळं नकाशा मंजूर करून, इंजिनिअरची सही घेऊन. तोवर घरात राहायचं नाही. दारावर नोटीस लावलीय, तू वाचलीस की नाही ठाऊक नाही.

ताई : वाचली.

धाकटा : आणि परवानगी न घेता भार पेलणारी भिंत पाडली, त्यातून माणूस जखमी झालं, म्हणून वेगळी केस. पोलिसांतही जबाब झाला माझा.

ताई : काय काय विचारलं?

धाकटा : हेच विचारायला आलीस ना तू? चष्मा काय, फोन केला असतास तर मी पाठवला असता.

ताई : मी आईच्या वस्तू न्यायला आलेय.

धाकटा : बरं. मग ऐक, तुला नीट सांगतो, म्हणजे तुला झोप तरी लागेल. आईला जिना चढवेना. गुडघ्यावर हात ठेवून एकेक पायरी, मध्ये थांबायची आणि म्हणायची, मी नुसती खिडकीतून बघतेय. म्हणून मी ठरवलं की ही कोठीची खोली हॉलमध्ये घ्यायची, तिथे तिचा पलंग, बाजूला बाथरूम. ऑफिसात गेलो, परवानगीच्या खिडकीवर विचारलं. तिथले बाबू भले होते. म्हणाले, फरशी, रंग, गिलावा, नळ, याला काही लागत नाही; पण भिंत हलवायची असेल तर आधी लायसन्सवाल्या इंजिनिअरला दाखवा, त्याची सही आणा. मी काय म्हणालो माहीत आहे?

ताई : काय?

धाकटा : म्हणालो, आमच्या घरातच इंजिनिअर आहे. छाती फुगवून म्हणालो.

ताई : मला दाखवायचं म्हणजे मला बोलवायचं होतंस. फोनवर दाखवून होतं का हे?

धाकटा : तीनदा बोलावलं. पहिल्यांदा तुझी साइट होती, दुसऱ्यांदा स्लॅब भरायचा होता, तिसऱ्यांदा तू म्हणालीस, फोटो टाक. टाकले. खाली लिहिलं, नऊ इंची आहे, वरच्या खोलीची भिंत हिच्यावरच येते असं वाटतंय, पाडू का? दोन दिवसांनी उत्तर आलं.

ताई : मी साइटवर होते. उन्हात. समोर चाळीस माणसं उभी होती.

धाकटा : ‘पार्टिशन आहे, पाड.’ तीन शब्द.

ताई : मला वाटलं तू जेवणघरातल्या भिंतीचं बोलतोयस. ती साडेचार इंची आहे, तिच्यावर काही नाही.

धाकटा : मी इंच लिहिले होते, ताई.

ताई : मी फोटो उघडले नव्हते.

धाकटा : हां.

ताई : वरवर वाचलं आणि लिहून टाकलं. मला या घरातून जाऊन सव्वीस वर्षं झाली, डोक्यात तीच एक भिंत होती.

धाकटा : आणि नकाशा? बाबांनी नकाशाची गुंडाळी तुझ्याकडे दिली होती. मला नाही दिली, मी तिचा पतंग करीन म्हणाले. दोनदा मागितली मी तुझ्याकडे.

ताई : माळ्यावर होती. परवा काढली.

धाकटा : परवा. बरं झालं. काय आहे तिच्यात?

ताई : वरची खोली नंतर वाढवलीय. मंजुरी आहे तिला. शेऱ्यात लिहिलंय की वरच्या भिंतीचा भार खालच्या कोठीच्या भिंतीवर घेतला आहे.

धाकटा : म्हणजे वाचता येणाऱ्या कोणालाही कळलं असतं.

ताई : हो.

धाकटा : मलासुद्धा.

ताई : हो म्हटलं ना.

धाकटा : माझी चूक सांगू? भिंत पाडल्यावर पहिल्याच आठवड्यात वरचं दार घासायला लागलं. मी रंधा मारला. पुढच्या आठवड्यात पुन्हा घासायला लागलं, पुन्हा मारला. वाटलं, दार फुगलंय. दार कसलं फुगतंय, चौकट खाली बसत होती. वर्कशॉपमध्ये तीस वर्षं मशीनं दुरुस्त केली मी, आवाजावरून सांगतो कुठलं बेअरिंग गेलंय. आणि माझ्या डोक्यावर घर खचत होतं, तर मी दार तासत बसलो. कारण मनात पक्कं होतं, ताई म्हणालीय.

ताई : त्या दिवशी नेमकं काय झालं?

धाकटा : आई पलंगावर पाय सोडून बसली होती, नवीन खोलीत. खूष होती, मला म्हणाली, इथून रस्ता दिसतो. मी स्वयंपाकघरात पाणी तापवायला गेलो. पोतं ओतल्यासारखा आवाज झाला. आलो तर धूळ. ती ओरडली नाही. मला म्हणाली, तू आत येऊ नकोस, अजून पडेल. मांडीवर दोन विटा आणि स्लॅबचा ढलपा, आणि ती मलाच सांभाळतेय. ते हॉस्पिटलपर्यंत. तिथे कोणीतरी तिला सांगितलं की मुलाने कोणाला न विचारता भिंत पाडली होती. तेव्हापासून बोलत नाही.

ताई : जबाबात काय सांगितलंस तू?

धाकटा : साहेबांनी विचारलं, कोणाचा सल्ला घेतला होता? मी म्हटलं, कोणाचा नाही. व्हिडिओ बघून केलं. सही केली खाली.

ताई : तो मेसेज आहे अजून तुझ्याकडे?

धाकटा : आहे. तू तुझ्याकडचा पुसलास वाटतं.

ताई : माझ्या सह्यांवर एकतीस इमारती उभ्या आहेत. हे बाहेर आलं तर लायसन्स जाईलच, प्रत्येक इमारतीतली माणसं येऊन विचारतील. माझ्याशी असं बोलू नकोस, मी काय झोपतेय का रात्री?

धाकटा : म्हणून तर नाही सांगितलं. तुझ्यावर उपकार म्हणून नाही. मी केसमध्ये अडकणार, घर बंद. आईला ठेवायचं कुठे? तुझ्याकडेच. तुझं काम गेलं तर तिचं कोण करणार? हिशोब सोपा होता. फक्त एक होतं.

ताई : काय?

धाकटा : मला वाटलं होतं, तू स्वतःहून म्हणशील. साहेबांना नाही, लोकांना नाही. आईला. बंद खोलीत, एकदा. की तो विचारत होता, मीच नीट पाहिलं नाही.

ताई : आईला सांगितलं की ती मावशीला सांगणार. मावशीला कळलं की गावाला दवंडी.

धाकटा : तिला सांग, कोणाला सांगू नकोस.

ताई : ती माझ्या घरी आहे. माझ्या हातचं खाते, मी उठवते, मी कूस बदलते. तिला माझ्याकडे बघायला लागतं रोज. तिला तेवढं तरी कोणीतरी भरवशाचं असू दे.

धाकटा : म्हणजे नाही.

ताई : आत्ता नाही. केस मिटू दे.

धाकटा : केस दोन वर्षं चालेल. ती ब्याऐंशीची आहे.

ताई : माहीत आहे मला तिचं वय.

धाकटा : हा घे चष्मा. एक काडी सैल होती, स्क्रू बसवलाय. ही फाइल. गाऊन तीन ठेवलेत, एक जास्त असू दे.

ताई : मेसेजचं काय करणार आहेस?

धाकटा : तुझ्यासमोर पुसू?

ताई : मी तसं म्हटलं नाही.

धाकटा : म्हटलं नाहीस. हे बघ. गेला. फोटोही गेले. आता बरं?

ताई : तू येत जा भेटायला. उगाच तोंड लपवून बसू नकोस.

धाकटा : मी आलो की ती भिंतीकडे तोंड करते. परवा तुझ्या घरी येणाऱ्या नर्सने मलाच बाहेर बसायला सांगितलं.

ताई : दुपारी ये. दुपारी गोळी घेऊन झोपलेली असते, तेव्हा बसता येईल तुला जवळ.

धाकटा : किती वाजता झोपते?