चोरलेला नमस्कार

मंडळी, आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. ज्यानं परक्याच्या धनातला एक दाणाही खाल्ला नाही, तो चोर असू शकतो का? नाही म्हणता? ऐका तर!

सांगलीजवळ एका गावात सुलोचना नावाची मुलगी होती. एक पाय पोलिओनं गेलेला, आई नाही. वडिलांनी मरण्यापूर्वी घर आणि हळदीची वखार तिच्यासाठी ट्रस्ट करून ठेवली. विश्वस्त कोण? त्यांचा सख्खा भाऊ; तो कुटुंबासह त्याच घरात राहायला आला. 'पोर शहाणी झाली की तिला सांग,' म्हणाले आणि डोळे मिटले. पुढं सांगायची वेळ आली, तोच काकाही गेला! विश्वस्तपद आलं त्याच्या मुलाकडं, चंद्रकांताकडं.

तेराव्याला तो तिला सांगणारच होता. खरंच सांगणार होता! पण सुलोचना लंगडत आली, त्याच्या पायांवर डोकं ठेवून म्हणाली, "दादा, आता तुमच्याशिवाय मला कोण आहे?"

अहाहा! काय गोड वाटलं त्याला! ओठांवर आलेलं सत्य त्यानं गिळलं — बासुंदीसारखं गिळलं!

कायदा काय सांगतो? नवा विश्वस्त झालास ना? मग आधी ज्याचं आहे त्याला कळव! त्याचं आणि तुझं वेगळं ठेव! विचारण्याआधी हिशेब दे! अहो, पोस्टमन मनिऑर्डर आणतो. तो म्हणतो का, 'पैसे मीच दिले, पड पाया'? (हसताय? हसा. पुढं हसू येणार नाही.)

सुलोचनेला धान्य मिळे, औषध मिळे, दिवाळीला लुगडं मिळे. सारं तिचंच! आणि त्याच्या उपकाराखाली ती वाकत गेली. वहिनीचे पाय चेपी. भाजीत मीठ कमी असलं तरी मागत नसे. आपल्याच घरात ती दबकून चाले, मंडळी!

एके दिवशी फाटकाशी इंदूमावशी उभी. लहानपणी सुलोचनेच्या वाळलेल्या पायाला हिनंच तेल चोळलं होतं. आता मुलांनी हाकललेली, काखेत गाठोडं. सुलोचना धावली — तिला जमेल तसं धावली — चंद्रकांताकडं.

"दादा, माझ्या खोलीत राहील. माझ्यातलं अर्धं खाईल."

"आज मावशी, उद्या मामा! माझं घर आहे हे, धर्मशाळा नव्हे!"

ती फाटकापर्यंत परत आली. मावशीच्या तोंडाकडं तिला बघवेना. "मावशी, घर माझं नाही गं."

मावशी म्हणाली, "असू दे, बाळ. तू जेवतेस ना नीट?" आणि गेली. मिरजेच्या वृद्धाश्रमात, थंडी सरण्याआधीच, वारली.

पुढं वखार विकायची ठरली. वकील घरी आले आणि सहज म्हणाले, "सुलोचनाबाई, विश्वस्तांचा विचार विक्रीचा आहे. पण वखार तुमच्यासाठी, घर तुमच्यासाठी; तुमची संमती हवी. तुम्हांला ठाऊकच असेल."

ती भिंतीला धरून उभी राहिली. चंद्रकांत ओरडला, "काय कमी केलं तुला? तुझा एक दाणा खाल्ला असेन तर जीभ झडो!"

खरं बोलत होता, मंडळी! दाणा खाल्ला नव्हता!

सुलोचना हळू म्हणाली, "दाण्याचं नाही विचारत, दादा. इंदूमावशीला मी कुणाच्या दारातून परत पाठवलं?"

चंद्रकांत वकिलांकडं बघू लागला.

"माझ्या! माझ्या दारातून, माझ्या तोंडानं! तुम्हांला नमस्कार हवा होता म्हणून!" मग ती वकिलांकडं वळली. "विश्वस्त बदलता येतो का?"

"कोर्टात अर्ज करावा लागेल."

"लिहा. मी सही करते."

आता सांगा, चोर की साव? मान खाली का घातलीत? भावाची विधवा, बहिणीचं पोरकं पोर, म्हातारी आई — तुमच्याही घरात कुणीतरी स्वतःचंच अन्न तुमचे आभार मानून खात असेल! आज टाळ्या नकोत. देवाचं नाव उद्या घ्या. आधी घरी जा, त्या माणसाला उठवा आणि सांगा — हे तुझं आहे. मग त्यानं नमस्कार केला नाही, तरी निमूट उभे राहा!