अक्काची गाडी आणि उंदरांची पंगत

विघ्नहर्त्या गजाननाला आणि आमच्या सोलापूरच्या सिद्धरामेश्वराला आधी साष्टांग नमस्कार, कारण त्यांच्याच कृपेने परवाच्या पौर्णिमेला माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा आनंदाने पार पडला आणि त्या निमित्तानेच तुम्ही हे लिहून घ्यायला बसला आहात. सांगतो, सगळे सांगतो. वय झाल्यामुळे वाट जरा वळणावळणाची होईल, तेवढी सांभाळून घ्या.

आमचे मूळ गाव मंद्रूप. वडील भिक्षुकी करीत आणि पंचक्रोशी पायी फिरत. मी रांगत असताना आई गेली आणि मला वाढवले ते अक्काने. पाठशाळेत धाडलेही तिनेच. मी उंबरठा धरून रडू लागलो तेव्हा म्हणाली, रडायचं आसंल तर तितं जाऊन संस्कृतात रड, मराठीत रडाया सुट्टीत ये. काय सांगू तुम्हाला, त्या एका वाक्याच्या बळावर मी शब्दरूपे पाठ केली, पुढे सोलापुरात संस्कृतचा शिक्षक झालो आणि सेवानिवृत्तीपर्यंत सायकलवर सुखाने हिंडलो. अक्काचे सासर गावातलेच, त्यामुळे ती तिथेच राहिली, शेतीत राबली, बोलणेही तिकडचेच झाले.

अलीकडे तिचे गुडघे गेले. एसटीची पायरी चढवेना, त्यामुळे सोलापूर तिला कित्येक वर्षांत दिसले नव्हते. भाड्याची गाडी पाठवतो म्हटले, तर म्हणाली, परक्याच्या गाडीत एकदाच बसणार हाय, शेवटच्या वाटंला, आनि तवा मला बसवावं लागंल, मी बसणार न्हाय. मग मी निश्चय केला की स्वतःचे वाहन घ्यायचे आणि सोहळ्याला अक्काला त्यातून माझ्या घरी आणायचे. तसे वचनच दिले. दिवाळीत गाडी आली. चालवते माझी कन्या मैथिली. मी शेजारी बसून स्तोत्र म्हणतो.

आता माझी बुद्धी पाहा. आमच्या घरी वैश्वदेवाची परंपरा आहे, म्हणजे जेवणाआधी तूपभाताची आहुती अग्नीला द्यायची. घरात गॅस आला, चूल गेली, आणि ती आहुती राहून गेली याची रुखरुख मला फार वर्षे होती. गाडी दारात उभी राहिली तसे मनात आले की अरे, हिच्या पोटात अग्नी आहे, मग पूजेचा नैवेद्य चाकापाशी कशाला, थेट त्या अग्नीलाच का देऊ नये? रोज दुपारी बॉनेट उघडून चिमूटभर तूपभात आणि गूळखोबरे मी अत्यंत श्रद्धेने इंजिनावर ठेवू लागलो. दुसऱ्या दिवशी तिथे शीतही राहत नसे. मला वाटे, देवाने स्वीकारले.

सोहळा आठवड्यावर आला आणि गाडी चालू होईना. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडले, आत डोकावला, माझ्याकडे बघितले आणि म्हणाला, गुरुजी, हितं तर लगीनघर हाय की! कोपऱ्यात चिंध्यांचे घरटे होते, खोबऱ्याचा तुकडा होता आणि वायरी सगळ्या कुरतडलेल्या. मी म्हणालो, गाडी नवीन आहे, वॉरंटी आहे. तो म्हणाला, वॉरंटी गाडीची हाय, उंदरांची न्हाय. वायरिंग सगळे बदलावे लागणार होते, आणि त्याने जो खर्च सांगितला तो नेमका तेवढाच होता जेवढा मी सोहळ्याच्या मंगल कार्यालयातल्या जेवणावळीसाठी बाजूला ठेवला होता. गाडी दुरुस्त केली तर पंगत नाही, पंगत घातली तर अक्का नाही. मैथिली म्हणाली, बाबा, मी काही बोलत नाही, पण उंदरांना विचारून घ्या पंगत कशी झाली.

मी एसटीने मंद्रूपला गेलो आणि अक्कापुढे सगळे मांडले. ती इतकी हसली, इतकी हसली की शेजारणी धावत आल्या, आणि त्यांना सांगताना पुन्हा हसली. मग डोळे पुसून म्हणाली, येड्या, आहुती पेटल्या अग्नीत देत्यात का इझलेल्या? इंजिन बंद करून वाढलंस, मग उंदीर न्हाय तर कोन येणार, इंद्र? एवढे अध्ययन केलेला मी, तिथेच कान पकडले. मी विचारले, मग पंगतीचे काय करायचे? ती म्हणाली, गाडी नीट कर. जेवायला कार्यालय कशाला लागतंय, तोंड लागतंय. लगेच शेजारणींकडे वळून म्हणाली, काय गं, कडक भाकरी कोन करतंय? आणि तिथल्या तिथे वाटणी झाली.

सोहळ्याला शेजारणी सकाळच्या एसटीने कडक भाकऱ्यांची गाठोडी आणि शेंगाचटणी घेऊन माझ्या घरी आल्या, आणि अक्का आली आमच्या गाडीतून, पुढच्या सीटवर. खिडकी उघडी, पदर वाऱ्यावर, आणि मैथिलीला सारखे सांगणे, हॉर्न वाजव की, लोकास्नी कळू दे! नव्या पेठेत गर्दीतूनच न्यायला लावले. दुकानदाराने लुगडी खिडकीपाशी आणून दाखवली. मागे रिक्षावाले ओरडताहेत आणि ही आतून म्हणते, थांबा रं, बाई लुगडं घेतीया. घरी दिव्यांनी ओवाळले, सगळे गच्चीवर मांडी घालून जेवले, आणि खरे सांगतो, कार्यालयातल्या पंगतीला ती गोडी आली नसती.

संध्याकाळी तिला परत पोहोचवायला निघालो. मंद्रूपच्या रस्त्याला लागलो आणि शेतांच्या कडेला चंद्र वर आला. अक्काने मैथिलीला गाडी थांबवायला सांगितली. हात जोडले. मग मला म्हणाली, हजार चंद्र हुबं राहून बघितलं रं, ह्यो एक बसून बघितला.

एवढेच सांगायचे होते. हे वाचणाऱ्या प्रत्येकाच्या घरी अन्न पुरून उरो, वडीलधाऱ्यांचे हसणे ऐकू येत राहो, आणि ज्याला कुठे जायची आस आहे त्याला तिथे नेणारे आपले माणूस मिळो. कल्याणमस्तु.