काखेतली गाठ आणि बोटावरची काळी टेप

अठरा फेब्रुवारी, बुधवार, सकाळी बोचरा गारठा आणि दुपारी पंख्याखालून उठवत नाही असं ऊन... आणि अशा धड थंडी ना धड उन्हाळा दिवशी, अंघोळ करताना, साबण फिरवता फिरवता माणसाला डाव्या काखेत गाठ लागावी, ही काय पद्धत झाली? बोराएवढी. दाबली, दुखली. पुन्हा दाबली, पुन्हा दुखली. अहो, खात्री नको का करायला? आणि गाठ आपली जागच्या जागी.

तुम्हाला सांगतो, काखेत गाठ लागली की माणूस एकदम कर्तव्यदक्ष होतो. मी संताजी, पोलोग्राउंडच्या कारखान्यात लेथ मशीनपुढे उभं आयुष्य गेलेलं, तो टॉवेल गुंडाळूनच बायकोला, यशोधरेला, गॅसचा रेग्युलेटर कसा बदलायचा ते शिकवायला लागलो. ती म्हणे, "अहो, लग्न झाल्यापासून मीच बदलतेय. तुम्हाला झालंय काय?" काय सांगणार? माझ्या शामकाकालाही अशीच गाठ... त्याची मानेत होती, पण शेवटी गाठ ती गाठच ना? पुढच्या दिवाळीला काका नव्हता. स्कूटरवरून कृष्णपुऱ्याहून जाताना नदीकाठच्या राजघराण्याच्या समाध्या, त्या दगडी छत्र्या दिसल्या, तर मनात आलं, आमचे पणजोबा ज्यांच्या फौजेत होते त्यांच्यामागे निदान दगडाचं काही उभं राहिलं. आपल्यामागे काय? ग्रीस लागलेला एक एप्रन. सिग्नलला काखेत हात घातला. गाठ जागच्या जागी.

बडा गणपतीजवळ आमचे डॉक्टर शिवहरे. मी शर्ट काढला, डावा हात डोक्यावर ठेवला आणि शामकाकापासून सुरुवात केली. तर डॉक्टर काखेकडे बघेचनात, वर हाताकडे बघतायत. "संताजी भिया, ये उँगली पे क्या लपेट रखा है?" म्हटलं, "कुछ नहीं साब, काली टेप है. आप नीचे देखिए ना." आता त्यांना काय माहीत, आमच्याकडे बोटात लोखंडाची किरच घुसली की वायरिंगची टेप गुंडाळायची आणि पुढचा जॉब लावायचा, हीच मलमपट्टी. टेप सोडली तर आत नखाशेजारी टम्म, पिवळं. डॉक्टर बोटाकडे, मी काखेकडे. म्हटलं, "साब, उँगली तो ठीक हो जाएगी, मेरा जाने का टाइम..." "जाओगे भिया, घर जाओगे." त्यांनी चीर दिली, किरच काढली, गोळ्या लिहिल्या, उजव्या दंडात धनुर्वाताचं इंजेक्शन ठोकलं आणि म्हणाले, "गाठ दबाना मत. तीन हफ्ते में नहीं बैठी तो सुई से जाँच करेंगे." पुढचं मी ऐकलंच नाही. सुई से जाँच... एवढंच घेऊन घरी आलो.

घरी पुतणी आली होती, पूर्वा, कॉलेजात मायक्रोबायोलॉजी करते. "काका, टेन्शन नका घेऊ ना. तो पू म्हणजे आधी धावून आलेले शिपाई. आणि स्किनमध्ये एक डेंड्रिटिक सेल असते, तिनं जंतू गिळला, त्याचा तुकडा अंगावर मिरवत ती काखेतल्या गाठीत गेली, तिथल्या टी-सेल्सना, म्हणजे खऱ्या लढणाऱ्या पेशींना, दाखवायला."

"म्हणजे गाठ आधीपासूनच होती?"

"सगळ्यांनाच असतात, काका. बऱ्याच असतात."

हे ऐकून धीर यावा अशी तिची अपेक्षा होती.

म्हणजे बघा, ती बाई तुकडा घेऊन दारोदार. "भिया, याला ओळखता का?" "नहीं भिया, अपन नहीं जानते." पुढचं दार. "नहीं." एकेका टी-सेलला एकच तोंड ओळखू येतं म्हणे! लाखांत एखादा म्हणणार, "हां, ये अपने वाला है." आणि तोही लगेच उठेल? छे. नुसत्या तुकड्यावर त्याचा भरवसा नाही, आत खरंच घुसखोरी झालीय अशी दुसरी खूणही बाईनं द्यायला हवी. मग तो एकाचे दोन, दोनाचे चार होत सुटतो, म्हणून गाठ फुगते. मी विचारलं, "आणि खूण द्यायची राहिली तर?" "तर तो गप्प बसतो." मला सांगा, अशानं जेवण जाईल? अख्खा माणूस एका बाईच्या खुणेवर टांगलेला... आणि मी तिला टेपखाली कोंडून लेथ चालवत होतो. ती दारं वाजवत होती, मी रेग्युलेटर शिकवत होतो. पटलं, सगळं पटलं. पण शामकाकालाही कुणीतरी काहीतरी पटवलंच असेल की. देवापुढे हात जोडून बसलो आणि जोडल्या जोडल्या दंडानंच चाचपली. यशोधरा मागून म्हणाली, "डॉक्टरांनी नको सांगितलंय ना?" म्हटलं, नमस्कार करतोय. गाठ जागच्या जागी.

अकरा मार्च, बुधवार, कडक ऊन, वारा अजिबात नाही. डॉक्टरांनी दोन्ही काखा तपासल्या. बोट भरलं, नख पडलं. डावीकडची गाठ बसली, सुईची जाँच रद्द. उजवीकडे, इंजेक्शनच्या बाजूला, वाटाण्याएवढी नवी लागली.