काचेपलीकडची बोलणी

(हॉटेलातलं टेबल. लग्नाची बोलणी चालू. मुलगा आणि त्याची आई फोनच्या निमित्ताने काचेच्या दाराबाहेर उभे आहेत. टेबलाशी मुलगी आणि तिची आई.)

लेक : हळू, आई, हळू! वेटरच्या हातातलं पाणी सांडलं!

आई : मी काय केलं? मीठ मागितलं नुसतं.

लेक : एकाकडे मागितलंस, आणि सगळ्या टेबलांवरून मिठाच्या डब्या आल्या.

आई : माणसं चांगली आहेत इथली.

लेक : हसू नकोस ना. हे जमायला हवं गं, मला तो मनापासून आवडतो. त्याची आई बघ, किती मऊ बोलते.

आई : बोलते कुठे? मिठाची गुळणी धरून बसलीय. घमेंड आहे नुसती. अशा हळू बोलणाऱ्या बायकांचा मला भरवसाच वाटत नाही.

लेक : आणि तुझं ऐकून तिला वाटेल, ही भांडकुदळ आहे.

आई : अगं, यंत्रमागांच्या खडखडाटात जन्म गेला माझा. तिथे हळू बोललेलं स्वतःलासुद्धा ऐकू यायचं नाही.

लेक : इथे माग आहेत का?

आई : बरं, मग मागावरचं दुसरं बोलणं बोलते.

लेक : दुसरं कुठलं? ...आई? अगं, नुसते ओठ काय हलवतेस?

आई : हेच ते! लांबच्या मागावरच्या बाईशी आम्ही असंच बोलायचो. ती तिच्या सासूला काय काय शिव्या द्यायची, सगळं ओठांवरून कळायचं.

लेक : म्हणजे एक तर भोंगा, नाहीतर मुकी! मधलं काहीच नाही?

आई : थांब जरा. बाहेर ते काय बोलतायत, बघते.

लेक : छे, आई! लोकांचं बोलणं असं चोरून... काय म्हणतायत?

आई : तुझा तो पाठमोरा आहे. पण त्याच्या आईचं दिसतंय. 'अरे, किती वेळ गप्प बसू? जबडा आखडला माझा.'

लेक : काय?

आई : 'आतलं ऐकलंस? तिनं मीठ मागितलं, इथवर आवाज आला!'

लेक : मेले मी!

आई : 'काय खणखणीत बाई आहे! आणि मी तोंड उघडलं की तू टेबलाखालून पाय मारतोस.' ...तू का खाली बघतेस? माझीही पोटरी दुखतेय.

लेक : पुढे सांग.

आई : 'तुला माझी लाज वाटते, ते कळतं रे मला.' डोळे पुसतेय बिचारी.

लेक : खरंच म्हणाली? की तू पदरचं घालतेयस?

आई : ओठ तिचेच होते.

लेक : ...आल्या. आई, त्यांना विचार, काय मागवायचं. आणि तुझ्याच आवाजात विचार.

आई : अगं पण—

लेक : विचार ना.

आई : अहो विहीणबाई! काय घेणार?

मुलाची आई : अगं बाई! अहो, मी पोहायला शिकवते! तलावाच्या काठावरून ओरडण्यात हयात गेली माझी! पोरं पाण्याखालीसुद्धा ऐकतात!

आई : तरीच! आणि मी तुम्हाला घमेंडखोर म्हणत होते!

मुलाची आई : मला? माझ्या गप्प बसण्याला हा 'खानदानी' म्हणतो! बघा, मेनूकार्डात तोंड खुपसून बसलाय!

आई : बसू द्या हो! भूक लागली असेल!

मुलाची आई : पण ती पलीकडच्या टेबलावरची बाई मघापासून नाक मुरडतेय आपल्याकडे बघून. मुली, आम्ही जरा हळू बोलू का गं?

लेक : नका, काकू. अहो ताई, इकडे काय बघताय? या माझ्या होणाऱ्या सासूबाई! आणि ही माझी आई! माझी आई आहे ही!

आई : अगं, एवढ्या मोठ्यानं नाही. लोक बघतायत.