नगरभवनाच्या सातव्या तोंडाबाबत

नाव : छिन्नीकाका (सगळे याच नावाने ओळखतात). वय : ५२ वर्षे. धंदा : दगडी कोरीवकाम. राहणार : नगरभवनामागची गल्ली, छापखान्याच्या वर.

आज रोजी ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो की, नगरभवनाची इमारत सन १८८९ सालची असून तिच्या छताच्या कडेला पावसाचं पाणी बाहेर टाकणारी आठ दगडी तोंडं आहेत. पैकी सातवं गेल्या वर्षी पडलं. ते नव्याने घडवण्याचं काम माझ्याकडे आहे. जुन्या तोंडाचा एकच फोटो मिळाला. त्यात तोंडावर कबुतर बसलेलं आहे. इमारतीच्या अधीक्षकसाहेबांना विचारलं असता ते म्हणाले, "काहीही करा, जबडा उघडा ठेवा म्हणजे झालं."

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, रोज दुपारी माझ्या शेडमध्ये येऊन खुर्चीत झोपतात. झोपेत त्यांचा जबडा उघडा असतो. त्यांना पाहून मी तोंड घडवलं. त्यांना विचारलं नव्हतं.

आज सकाळी अकरा वाजता तोंड जागेवर बसवल्यावर साहेब सर्व कर्मचाऱ्यांसह पाहायला आले. टंकलेखक बाई म्हणाल्या, "अगदी आपले साहेब." कर्मचाऱ्यांपैकी कोणी हसलं नाही. मी हसलो. साहेबांनी ते तोंड ताबडतोब फोडायला सांगितलं. तेवढ्यात बहिणीसोबत आलेले दाजी पुढे होऊन म्हणाले, "हात लावायचा नाही. ते तोंड माझं आहे."

साहेब म्हणाले, "तुमचं कसं? नाक बघा ना."

खात्री करण्यासाठी दोघेही खाली शेजारी शेजारी उभे राहिले आणि वर पाहून त्यांनी जबडे उघडले. बहिणीने दाजींना "आणखी थोडा" असं हाताने दाखवलं. छतावरच्या नळवाल्याला ती खूण आपल्यासाठी वाटली व त्याने चाचणीचं पाणी सोडलं. मी त्याला तसं सांगितलेलं नव्हतं. दोघेही नखशिखांत भिजले.

साहेबांनी माझ्याविरुद्ध तक्रार दिली. मात्र ठाण्याच्या पायऱ्या चढताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "एकतीस वर्षं काढली त्या इमारतीत. महिनाअखेर निवृत्त होतोय. साधी पाटीसुद्धा नाही माझ्या नावाची. तोंड माझंच आहे असं सांग, मी तक्रार मागे घेतो."

मी आत येऊन हवालदारांसमोर बसलो.

सबब सातवं तोंड अधीक्षकसाहेबांचंच आहे, असं सांगतो. दाजींबद्दल वर लिहिलेलंही खरं असून तेही राहू द्यावं.

दाजींना हे अजून कळवलेलं नाही. ते बाहेर बाकावर टॉवेल गुंडाळून बसले आहेत.

हा मजकूर हवालदारांनी मला वाचून दाखवला. माझ्या विनंतीवरून त्यांनी आवाज हळू ठेवला. मजकूर मी सांगितल्याप्रमाणेच आहे.