गुडघ्याचा एक गुण

मी, खाली सही करणारी, वय ५४ वर्षे, धंदा घरगुती शिवणकाम, राहणार दवाखान्यामागील वसाहत, दुसरा मजला. पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून आज हजर आहे आणि समक्ष विचारल्यावरून सांगते की,

माझी आई, वय ८१, निवृत्त मुख्याध्यापिका. तीन वर्षांपासून तिला विसरण्याचा आजार आहे. गॅस चालू ठेवते, दार उघडून चालू लागते. घरात आम्ही दोघीच. मी तिला डोळ्यांत तेल घालून सांभाळते. गिऱ्हाईकाला कपडे द्यायला खाली उतरायचे तरी बाहेरून कडी घालावी लागते.

वृद्ध सेवा कार्यालयाकडून घरी रोज चार तास मदतनीस मिळते. त्यासाठी तपासणीत वीसपैकी बारा गुण लागतात. हाल जास्त तितके गुण जास्त. मागच्या महिन्यात कार्यालयाचे साहेब आले. आईने जन्मभर शाळा-तपासण्या दिल्या आहेत. समोर फाइल दिसली की तिचा कणा ताठ होतो. साहेबांनी वार विचारला. मी रोज खूण करते त्या कॅलेंडरवर नजर टाकून तिने वार आणि तारीख दोन्ही सांगितले. वर म्हणाली, "अक्षर सुधारा तुमचं." तीन गुण मिळाले. जाताना साहेबांनी मलाच विचारले, "ताई, तुमची तब्येत बरी आहे ना?" ते गेल्यावर आई मला म्हणाली, "बाई, तुम्ही कुणाच्या घरच्या?" तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरे काय.

मी अर्ज केल्यावरून काल सकाळी अकराला फेरतपासणी होती. काल मी काहीच करायचे नाही असे ठरवले. आईचे केस विंचरले नाहीत, गाऊन बदलला नाही, कडी लावली नाही, कॅलेंडर काढून ठेवले. हे समजून उमजून केले. साहेबांना एकदाचे दिसू दे, एवढाच हेतू होता.

साहेबांना उशीर झाला. सव्वाअकराच्या सुमारास दाराचा आवाज आला. मी स्वयंपाकघरात होते. उठले नाही. साहेब जिन्यात असतील, आई त्यांना तशीच भेटेल, असे वाटले. किती वेळ बसले ते नक्की सांगता येत नाही. पाच मिनिटे असतील. मग खालून ब्रेकचा आवाज आला.

मी धावत गेले. आई रस्त्यात पडली होती, एका पायात चप्पल. टेम्पो तिच्यापासून दोन हातांवर थांबला होता. समोरच्या वहिनी तिला उठवत होत्या. तिचा गुडघा फुटला होता. वहिनी म्हणाल्या, "अगं, होतीस कुठे तू?" मी म्हणाले, "घरातच." खोटे सांगायचे तेव्हा सुचले नाही. मला माझीच किळस आली. चार तासांच्या मदतीसाठी मी आईला पणाला लावले, हे कबूल करते.

साहेब बाराला आले. आईच्या गुडघ्याला पट्टी, केस मोकळे, पण खुर्चीत ताठ. ती म्हणाली, "तासभर उशीर. वेळ पाळावी माणसानं." साहेब म्हणाले, "माफ करा, मॅडम," आणि उभेच राहिले. त्यांनी वार विचारला. आई म्हणाली, "तुम्ही यायला हवं होतं तो सांगू, की आलात तो?" साहेब हसले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. या वेळी चार गुण मिळाले. एक वाढला, तो गुडघ्याचा.

संध्याकाळी वहिनींनी माझ्याविरुद्ध तक्रार दिली. माझा त्यांच्यावर राग नाही. त्या नसत्या तर आज मी वेगळाच जबाब देत असते. आत्ताही आई त्यांच्याकडेच बसली आहे. तक्रार मला वाचून दाखवली. तीत लिहिले आहे की, "सदर वृद्धेस एक मिनिटही एकटे सोडण्यासारखी स्थिती नाही, तरी मुलगी लक्ष देत नाही."

अपिलाची मुदत शुक्रवारपर्यंत आहे. शेजाऱ्यांचे पत्र चालत नाही, सरकारी शिक्क्याचा कागद आणा, असे कार्यालय सांगते. तीन वर्षांत असा कागद मला कुणी दिला नाही. माझ्यावर काय कारवाई करायची ती करावी. मात्र या तक्रारीची शिक्का मारलेली नक्कल मला आजच मिळावी.

जबाब मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच उतरला आहे. तक्रारीतले "मुलगी लक्ष देत नाही" हे शब्द खोडायचे का, असे विचारले. मी नको म्हणाले. नक्कल पूर्ण असावी.