ओंडक्यात राहिलेली पाचर

ऐका, आणि दिवा जरा जवळ घ्या. ही गोष्ट मी माहेरून आणलेली नाही. सासरी आले तेव्हा मिळाली, दागिन्यांच्याही आधी.

आमचे आजेसासरे धाकू लाकडं फाडायचे. पाचर ठाऊक आहे ना? लोखंडाची, टोकाला चपटी. बोट फिरवून लाकडाची शीर शोधायची, शिरेवर पाचर टेकवायची, वरून घण. ओंडका सरळ उभा फाटतो. त्यांच्यात एक नेम होता. अर्धवट फाटलेल्या ओंडक्यात पाचर ठेवून घरी यायचं नाही. रात्रभर ते तोंड उघडं राहिलं, तर उरलेलं काम करायला कुणीतरी येतं.

धाकूंच्या लग्नाला आठच दिवस झाले होते. त्या संध्याकाळी घरी यायची घाई झाली. का, ते विचारू नका. जेवताना घास हातातच राहिला. पाचर काढलीच नाही! तसेच उठले, अंधारात, रानाकडे जाणाऱ्या बोंडीच्या पाणंदीने निघाले.

अर्ध्या वाटेवर घणाचा आवाज. ठण. ठण. वाटलं, कुणी गडी असेल. पुढे गेले, तर आवाज मागून. थांबले, तर आवाज थांबला. ओंडक्यापाशी कुणी नाही. वाकून पाचर धरायला गेले, तर ती आपली आपणच वर आली. वर, आणखी वर. अंधारात दिसेनाशी झाली.

आणि मानेवर हात पडला. घणासारखा जड. धाकू ओंडक्यावर पालथे. ओरडायला तोंड उघडेना. मग एक बोट मानेपासून पाठीवरून खाली फिरू लागलं. हळूहळू. ते काय शोधतंय, हे धाकूंइतकं कुणाला कळणार? मानेखाली गार लोखंड टेकलं.

बोट मध्येच अडलं. धाकू लहानपणी आंब्यावरून पडलेले, कणा वाकडा झालेला. त्या पाठीपायी दोन स्थळं मोडली होती.

"वाकडी शीर," मागून कुणीतरी म्हणालं, एखाद्या कारागिरासारखं, वैतागून. "हे सरळ फाटायचं नाही. घरी सरळ पाठीचं कोण आहे?"

तोंडातून निघून गेलं. "बायको."

हात उचलला गेला. धाकू पळत घरी आले, आजेसासूबाईंपुढे बसून सगळं सांगून टाकलं. त्या ताडासारख्या ताठ पाठीच्या. म्हणाल्या, "बरं झालं, आईचं नाव नाही घेतलंत."

त्या रात्रीपासून मरेपर्यंत त्या अंधार पडल्यावर वाकून चालल्या.

मी नवी आले तेव्हा ही गोष्ट सांगून सासूबाई म्हणाल्या, दिवेलागणीनंतर अंगणात वाकून जायचं. मला वाटलं, सुनांना वाकवायला सगळीकडे सांगतात तसलीच ही गोष्ट. गेले ताठ मानेने. पाणंदीकडून आवाज आला. ठण. एकदाच. मग सगळं गप्प, कुणीतरी बघत थांबावं तसं.

तेव्हापासून मीही वाकते. दुसरं करणार काय?

त्या पाणंदीला कुणी जाऊ नका. आणि आता घरी जायला उठाल ना, तर जरा वाकूनच उठा.